वेस्ट बँकेतला सातबारा: ओस्लोची पाच वर्षं अजून संपलेली नाहीत

पडीक_गुंठा

इस्रायल-पॅलेस्टाईनवर इथे धागा निघाला की पाचव्या प्रतिसादाला पुराणकाळ येतो, दहाव्याला आपलं इथलं राजकारण येतं आणि मग संपादक टाळं ठोकतात. हा धागा कुठवर टिकतो बघू. माझी सगळी नोकरी मोजणी, फेरफार, हद्दीचे दगड आणि भावाभावांच्या मारामाऱ्या यांत गेली. त्यामुळे या भांडणातली एकच गोष्ट मला नीट कळते, ती म्हणजे जमीन कागदावर येते कशी आणि कागदावरून जाते कशी. तेवढंच लिहितो. वेस्ट बँकेपुरतं (जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा, 1967 पासून इस्रायलच्या ताब्यातला पॅलेस्टिनी भाग) लिहितो, कारण गाझाची कथा वेगळी आहे.

सुरुवात 1948 किंवा 1967 पासून करत नाही. 1858 साली ऑटोमन सरकारने जमिनीचा कायदा केला. त्यात गावाभोवतालची बहुतेक शेतजमीन 'मिरी' धरली गेली. कसणारा रयत, मूळ हक्क सरकारचा. सलग तीन वर्षं सबळ कारणाशिवाय जमीन पडीक ठेवली तर ती परत सरकारकडे. हेतू साधा होता, सारा बुडू नये. लोकांनीही शहाणपणा केला. सारा आणि लष्करभरती दोन्ही टाळायला दहा दुनम कसत असले तरी चार लिहवले. (हजार चौरस मीटर म्हणजे एक दुनम, आपला पाव एकर धरा.) काही ठिकाणी अख्ख्या गावाची जमीन सामायिक होती आणि तुकडे पाळीपाळीने फिरायचे. त्याची कुठे नोंद असणार?

इंग्रजांनी 1928 पासून रीतसर मोजणी आणि हक्कनोंदणी सुरू केली. ती किनारपट्टी आणि खोऱ्यांमध्ये बरीच पुढे गेली, डोंगराळ भागात रेंगाळली. 1948 नंतर वेस्ट बँक जॉर्डनकडे गेली, त्यांनी काम पुढे नेलं. 1967 च्या जूनमध्ये युद्ध झालं तेव्हा वेस्ट बँकेच्या साधारण एक तृतीयांश जमिनीचीच नोंदणी पुरी झाली होती. 1968 साली इस्रायली लष्करी प्रशासनाने आदेश काढून ती प्रक्रिया थांबवली. उरलेल्या दोन तृतीयांशांतल्या माणसाकडे काय होतं? साऱ्याच्या पावत्या, आजोबांनी लावलेली ऑलिव्हची झाडं आणि शेजाऱ्याची साक्ष. म्हणजे सातबाराच नाही आणि तलाठी कार्यालयाला कुलूप, असा मामला.

आता 1979 ची एक केस सांगतो, ती मला फार आवडते. नाब्लसजवळच्या रुजेब गावातली खाजगी जमीन लष्कराने 'सुरक्षेच्या गरजेसाठी' ताब्यात घेतली आणि तिथे एलोन मोरे नावाची ज्यू वसाहत उभी राहू लागली. गावकरी थेट इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. हाइम बार-लेव हे माजी लष्करप्रमुख. त्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं की या जागेची सुरक्षेसाठी काही गरज नाही. त्याहून गंमत म्हणजे वसाहतवाल्यांनीच न्यायालयाला सांगितलं की आम्ही सुरक्षेसाठी आलेलो नाही, ही भूमी देवाने आम्हाला दिली आहे म्हणून आलो आहोत आणि कायमचे आलो आहोत. सरकारी वकिलाच्या पायाखालची सतरंजीच ओढली! न्यायालयाने ऑक्टोबर 1979 मध्ये वसाहत हलवायला लावली.

गावकरी जिंकले, असं वाटतं ना? सरकारने वसाहत जवळच्याच दुसऱ्या डोंगरावर नेली आणि रस्ताही बदलला. खाजगी जमीन लष्करी आदेशाने घेण्याऐवजी आता 1858 चा कायदा कपाटातून काढला. जी जमीन नोंदलेली नाही आणि कसलेली दिसत नाही ती सरकारी. प्लिया आल्बेक या सरकारी वकील बाई हेलिकॉप्टरमधून फिरून आणि हवाई छायाचित्रं बघून अशा जमिनी हेरायच्या. पॅलेस्टिनी गावं उतारावर असतात, पायऱ्यापायऱ्यांची शेती असते आणि माथा खडकाळ, उघडा. फोटो बघा, लाल कौलांच्या वसाहती बहुतेक माथ्यावर दिसतील. उंचावरून नजर राहते हे कारण आहेच, पण दुसरं कारण या कायद्यात आहे. माथ्यावर कुणी पेरत नव्हतं. गुरं चारत होते, पण चराईला वहिवाट कोण मोजतो!

ओस्लोबद्दल, म्हणजे इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधल्या 1993 च्या कराराबद्दल, पुढच्या प्रतिसादात लिहितो. लाइट जायची वेळ झाली.

मधुमालती

वाचनखूण साठवली. या अंगाने कधीच वाचलं नव्हतं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

चौकातला_अप्पा

गुंठेराव, लेख झकास. पण मला एक कळत नाही. जमिनीचं असं चाललेलं दिसत असताना पीएलओच्या (पॅलेस्टिनी मुक्ती संघटना) अराफतने ओस्लोवर सही केलीच कशी? वसाहती थांबवा, मग बोलू, एवढं साधं वाक्य सुचलं नाही?

पडीक_गुंठा

अप्पा, सुचलं होतं. अडचण अशी की ते सुचलेली माणसं वेगळी आणि सही करणारी वेगळी. 1991 च्या माद्रिद परिषदेनंतर वॉशिंग्टनमध्ये उघड वाटाघाटी चालू होत्या. पॅलेस्टिनी शिष्टमंडळाचे प्रमुख होते गाझाचे डॉक्टर हैदर अब्देल-शाफी. ते हटून बसले होते की आधी वसाहतींचं बांधकाम थांबलं पाहिजे. त्याच वेळी नॉर्वेत गुपचूप दुसरी बोलणी सुरू झाली. एका बाजूला पीएलओचे अहमद कुरेई, दुसऱ्या बाजूला हिर्शफेल्ड आणि पुंडाक हे दोन इस्रायली प्राध्यापक. तिथे वसाहतबंदीची अट आलीच नाही.

अराफत तेव्हा ट्युनिसमध्ये बसलेले. 1990-91 ला सद्दामची बाजू घेतली म्हणून आखाती देशांचा पैसा आटलेला, कुवेतमधून लाखो पॅलेस्टिनी बाहेर पडलेले. 1987 च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेला इंतिफादा (पॅलेस्टिनी उठाव) आतल्या लोकांनी चालवला, त्यातून हमास ही इस्लामी संघटना उभी राहिली. म्हणजे नेता बाहेर आणि चळवळ आत. अशा माणसाला मान्यता आणि परतीचा रस्ता मिळत असेल तर तो अटी कमी वाचतो. 13 सप्टेंबर 1993 ला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर हस्तांदोलन झालं, ते सगळ्यांना आठवतं. त्याआधीच्या पत्रांत पीएलओने इस्रायलचा अस्तित्वाचा हक्क मान्य केला, इस्रायलने पीएलओला पॅलेस्टिनी लोकांचा प्रतिनिधी मानलं. पॅलेस्टाईन नावाचं राष्ट्र कुणी मान्य केलं नाही. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, हद्दी हे सगळं 'अंतिम टप्प्यावर' ढकललं. अंतरिम काळ पाच वर्षांचा, मे 1994 ते मे 1999.

सप्टेंबर 1995 मध्ये दुसरा करार झाला आणि वेस्ट बँकेचे अ, ब, क असे तुकडे पडले. 'अ' म्हणजे शहरं, कारभार आणि पोलीस दोन्ही पॅलेस्टिनींचे. 'ब' मध्ये नागरी कारभार त्यांचा, सुरक्षेवर इस्रायलचा वरचष्मा. 'क' पूर्ण इस्रायलकडे. आज अ 18 टक्के, ब 22 आणि क 60 टक्क्यांच्या आसपास आहे. क मधलं क्षेत्र टप्प्याटप्प्याने पॅलेस्टिनींकडे यायचं होतं. 1999 आलं आणि गेलं. अ आणि ब ही क च्या पाण्यातली बेटं झाली. क मध्ये पॅलेस्टिनी माणसाला गोठा बांधायचा तरी इस्रायली नागरी प्रशासनाचा परवाना लागतो, आणि तो अगदी मोजक्यांना मिळतो. विनापरवाना बांधलं की बुलडोझर.

1993 मध्ये पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकेत सुमारे 1 लाख 10 हजार वसाहतवाले होते. आज 5 लाखांच्या आसपास आहेत. वाटणीचा दावा चालू असताना एका भावाने वादातल्या शेतात बंगले बांधत राहायचं आणि वर म्हणायचं की चर्चेला मी तयारच आहे. याला मी प्रामाणिक वाटाघाट म्हणणार नाही.

रोखठोक_77

एकतर्फी चाललंय. फेब्रुवारी 1994 ला गोल्डस्टीन या वसाहतवाल्याने हेब्रॉनच्या मशिदीत 29 माणसं मारली ते भयंकरच. पण एप्रिलमध्ये अफुलाला बॉम्ब, ऑक्टोबरमध्ये तेल अवीवच्या डिझेनगॉफ रस्त्यावर बसमध्ये 22 ठार, 1996 ला जेरुसलेमच्या 18 नंबरच्या बसवर एका आठवड्याच्या अंतराने दोनदा. ओस्लोवर विश्वास ठेवणारा इस्रायली मतदार त्या बसमध्ये मेला. मे 1996 ला पंतप्रधान पेरेस एक टक्क्याहून कमी फरकाने हरले आणि नेतन्याहू आले. ते बॉम्ब नसते तर आले असते?

आणि 2005 ला पंतप्रधान शेरॉनने गाझातल्या 21 च्या 21 वसाहती उठवल्या, स्वतःच्याच लोकांना सैनिकांकरवी ओढून बाहेर काढलं. मिळालं काय? 2006 च्या निवडणुकीत हमासला 132 पैकी 74 जागा, 2007 ला गाझावर हमासचा कब्जा, मग रॉकेटं आणि शेवटी 7 ऑक्टोबर 2023. एका दिवसात सुमारे 1200 माणसं मारली, 251 ओलीस नेले. इस्रायली माणूस आता जमीन द्यायला तयार नाही तर दोष 1858 च्या कायद्याला?

पडीक_गुंठा

रोखठोक, बॉम्बबद्दल तुमचं बरोबर आहे आणि मी ते कमी लेखत नाही. हमासला करार मोडायचाच होता, त्यांनी ते लपवलेलंही नाही. पण करार मोडायला निघालेले तिकडेही होते. इस्रायलचे पंतप्रधान राबीन यांना 4 नोव्हेंबर 1995 ला तेल अवीवच्या सभेनंतर गोळ्या घातल्या त्या एका इस्रायली ज्यू तरुणाने, यिगाल अमीरने. त्याचं कारणही जमीनच.

गाझाचा मात्र मी उलटा अर्थ लावतो. शेरॉन यांनी गाझा सोडला तो कुणाशीही करार न करता, एकतर्फी. पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांच्या हातात दाखवायला काहीच आलं नाही, श्रेय हमासने घेतलं. हवाई हद्द, समुद्र आणि बहुतेक नाकी इस्रायलच्या हाती राहिली, दक्षिणेचं रफाह इजिप्तकडे. आणि त्याच काळात वेस्ट बँकेत वसाहतवाले वाढतच होते.

झणझणीत

गाझात आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे 60 हजारांहून जास्त माणसं गेली, ऑगस्ट 2025 ला गाझा शहराच्या भागात दुष्काळ जाहीर झाला, आणि तुम्ही इथे दुनम-गुंठे मोजताय. चालू द्या.

पडीक_गुंठा

झणझणीत, तुमचा राग समजतो. गाझावर मी न लिहिण्याचं कारण एवढंच की तिथे जे झालं त्यावर माझ्याकडे शब्द नाहीत आणि माहिती इतरांकडे जास्त आहे. पण सगळ्यांची नजर गाझाकडे असताना वेस्ट बँकेत जे होतंय ते युद्धबंदीनेही थांबत नाही, म्हणून हा धागा.

संपादक मंडळ

या धाग्यावरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. इथल्या पक्षांवर बोलायचं असेल तर वेगळा धागा काढा.

दोहाकर

गुंठेकाका, पडीक जमिनीचा मुद्दा वाचून दचकलो, कारण माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी नाब्लसजवळच्या गावचा आहे. त्याच्याकडून ऐकलेलं लिहितो.

त्याचं घरी जाणं असं. दोहाहून अम्मान. बेन गुरियन विमानतळ तासाभरावर असूनही वेस्ट बँकेचं ओळखपत्र असलेल्याला सहसा तिथून जाता येत नाही. अम्मानहून जॉर्डन नदीवरचा ॲलनबी पूल. आधी जॉर्डनची तपासणी, मग इस्रायलची, मग जेरिकोत पॅलेस्टिनी पोलिसांची. पुलाची वेळ संपली की अलीकडे मुक्काम. पुढे शेअर टॅक्सी, चालकाच्या मोबाइलवर कोणतं नाकं उघडं नि कोणतं बंद याचे निरोप सतत वाजत असतात. पॅलेस्टिनी गाड्यांच्या पाट्या पांढऱ्या-हिरव्या, इस्रायली गाड्यांच्या पिवळ्या. पाटीवरून रस्ता ठरतो. रामल्लाहून बेथलेहेमला जायचं तर मध्ये जेरुसलेम, पण यांना तिथे परवान्याशिवाय प्रवेश नाही, म्हणून वादी अन-नारच्या वळणावळणाच्या घाटातून लांबचा फेरा.

त्याच्या ऑलिव्हच्या बागेचा वरचा तुकडा वसाहतीच्या कुंपणाला लागून आहे. तिथे जायला लष्कराशी 'समन्वय' करावा लागतो. वर्षातून काढणीचे ठरावीक दिवस मिळतात, नांगरट-छाटणीचे दोन-चार, ते मिळाले तर. गेल्या दोन हंगामांत मिळालेच नाहीत. म्हणजे जाऊ द्यायचं नाही आणि मग म्हणायचं पडीक आहे?

तलाठीपुत्र

@दोहाकर, अगदी हेच विचारायला आलो होतो. प्रतिकूल परिस्थितीमुळे कसता आलं नाही, हा बचाव चालत नाही का? 'सबळ कारण' कायद्यातच आहे असं वर लिहिलंय.

पडीक_गुंठा

कागदावर चालतो. 2006 साली इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने लष्कराला बजावलं की शेतकऱ्याला शेतात जाऊ देणं आणि त्याचं संरक्षण करणं हे तुमचं काम आहे. संरक्षणाच्या नावाखाली शेतकऱ्यालाच बंदी घालू नका. निकाल चांगला आहे. जमिनीवर काय होतं ते दोहाकरांनी लिहिलंच.

जमीन सरकारी जाहीर झाल्यावर हरकतीला 45 दिवस. हरकत ऐकणारी समिती लष्करी. सूचना कधी गावच्या मुखियाला तोंडी सांगितलेली, कधी नकाशावरची रेघ इतकी जाड की आपला तुकडा आत आहे की बाहेर हेच कळू नये. सिद्ध करायची जबाबदारी कसणाऱ्यावर. आणि इस्रायली अर्थ असा की तुकड्याचा निम्म्याहून जास्त भाग कसलेला हवा. डोंगरात निम्मा भाग खडकच असतो! मी मोजणीतला माणूस, मला हे वाचून आपला कातळ-वरकस आठवला. आपल्या जुन्या साहेबाने निदान पोटखराबा (कसता न येणारा भाग) म्हणून वेगळा लिहिला.

अश्दोदची_नात

नमस्कार मंडळी. माझी आजी अलिबागजवळची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आम्ही इस्रायलमध्ये अश्दोदला असतो. घरात मराठी आहे, म्हणून ही साइट वाचते, लिहिते क्वचित.

रॉकेटचा भोंगा वाजला की आमच्या इथे पाऊण मिनिट मिळतं. गाझाच्या हद्दीजवळच्या स्देरोतला पंधरा सेकंद. आमची इमारत जुनी, घरात सुरक्षित खोली नाही, म्हणून जिन्यात बसतो. आजी शेवटी शेवटी उठायचीच नाही, म्हणायची तुम्ही जा, मी देवाचं नाव घेते. हे सहानुभूतीसाठी नाही लिहिलं. इथल्या साध्या माणसाच्या मनात सुरक्षा हा बहाणा नसतो, एवढंच सांगायचं होतं.

जमिनीचं म्हणाल तर आमच्या शहराच्या दक्षिणेला इस्दुद गावाच्या मशिदीचे अवशेष उभे आहेत. 1948 ला ते गाव रिकामं झालं, त्यातले बहुतेक गाझाला गेले. शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नाही, मी मोठेपणी शोधलं. आणि माझ्या सासरचे बगदादचे ज्यू. 1951 ला देश सोडताना इराक सरकारने कायदा करून त्यांची मालमत्ता गोठवली. सासऱ्यांकडे अजून एका घराची किल्ली आणि दुकानाची कागदपत्रं आहेत. त्याचा दावा कुठे लावायचा, काका?

मी स्वतः वसाहतींच्या विरोधात मत देते. माझा भाऊ देत नाही. 7 ऑक्टोबरनंतर आम्ही जेवताना हा विषय काढत नाही.

मधुमालती

ताई, लिहीत जा. इथे फार गरज आहे.

गुंठेकाका, पाण्याचं आणि पैशाचं कुणी लिहील का? पॅलेस्टिनी घरांच्या गच्चीवर काळ्या टाक्या दिसतात, वसाहतींत दिसत नाहीत, असं एका फोटोत पाहिलं होतं.

हिशेबनीस

पैशाचं मी सांगतो. 1994 ला पॅरिसमध्ये आर्थिक करार झाला. पॅलेस्टिनी भागात येणाऱ्या मालावरची जकात आणि व्हॅट इस्रायलने गोळा करायचा, 3 टक्के हाताळणी कापायची आणि उरलेली रक्कम दरमहा पॅलेस्टिनी प्राधिकरणाला (ओस्लोतून आलेलं पॅलेस्टिनी सरकार) द्यायची, असं ठरलं. प्राधिकरणाच्या उत्पन्नाचा जवळजवळ दोन तृतीयांश हाच. नळ इस्रायलच्या हातात. 2019 पासून कैद्यांच्या आणि ठार झालेल्यांच्या कुटुंबांना प्राधिकरण जे देत होतं तेवढी रक्कम कापायला सुरुवात झाली. अब्बास म्हणाले, मग पूर्णच नको. काही महिने खरंच घेतले नाहीत आणि शिक्षकांचे पगार अर्धे झाले. चलन इस्रायली शेकेल, स्वतःची मध्यवर्ती बँक नोटा छापू शकत नाही. हाही करार पाच वर्षांचाच होता.

पाण्याचं थोडक्यात: 1995 च्या करारात संयुक्त जलसमिती केली, विहीर खोदायची तरी दोन्ही बाजूंची संमती लागते आणि क क्षेत्रात वर नागरी प्रशासनाचा परवाना. उन्हाळ्यात पाणी दिवसाआड सोडा, आठवड्यांनी येतं, म्हणून टाक्या.

चौकातला_अप्पा

दोहाकरच्या मित्राच्या त्या वरच्या तुकड्याचं पुढे काय होईल, गुंठेराव?

पडीक_गुंठा

अप्पा, त्याचीच काळजी आहे. 1968 ला थांबवलेली नोंदणी क क्षेत्रात पुन्हा सुरू करायचा निर्णय इस्रायलच्या सुरक्षा मंत्रिमंडळाने मे 2025 मध्ये घेतला. ऐकायला बरं वाटतं, नोंदणी झाली की वाद मिटतील. पण नोंदणीचा नियम साधा, जो हजर राहून सिद्ध करेल त्याचं नाव, उरलेलं सरकारजमा. आणि एकदा नाव लागलं की उलटवणं जवळजवळ अशक्य. वारस अम्मानला, कुवेतला, शिकागोला पसरलेले. 1967 ला जे बाहेर होते त्यांची जमीन 'गैरहजर मालकाची' म्हणून आधीच सरकारी रखवालदाराकडे. त्यातच ऑगस्टमध्ये जेरुसलेम आणि मआले अदुमीम वसाहतीच्या मधल्या ई-1 पट्ट्यात सुमारे 3400 घरांना मंजुरी मिळाली. ती झाली की वेस्ट बँकेचा उत्तर-दक्षिण सांधा तुटतो.

दोहाकर, मित्राला विचारा, आजोबांच्या नावच्या साऱ्याच्या पावत्या आहेत का, जॉर्डनच्या काळातला काही उतारा आहे का, आणि किती वारस हयात आहेत.

दोहाकर

विचारलं. पावत्या आहेत, 1950 च्या आसपासच्या, जॉर्डनच्या. उतारा नाही. वारस एकतीस, त्यातले चार गावात. वडिलांनी पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अम्मानला आत्याकडे ठेवल्यात, कारण गावात धाड पडली तर जातील ही भीती. तो विचारतोय, मूळ प्रत लागते की झेरॉक्स चालते?

तलाठीपुत्र

मूळच ठेवायला सांगा, आणि झेरॉक्स तिघांकडे. वकील रामल्लाचा नको, लष्करी समितीपुढे उभा राहणारा हवा.